इराणचा हात कुठवर पोचतो आणि कुठे अडतो

२०२५ च्या ५ जुलैला आमच्या नगरमध्ये कत्तलची रात्र होती. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून अजून नगरच येतं. मोहरमच्या नवव्या दिवसाची ही रात्र. कोठल्यावर बारा इमामांची सवारी उठते. ऊद-लोबानचा धूर असतो, फुलांच्या चादरी असतात, ‘या हुसेन’च्या आरोळ्या असतात आणि गर्दीत नवस फेडायला आलेल्या बायका. माझी आजी मोहरमात गुळाचे चोंगे करायची. आमच्या घरात कुणी मुसलमान नाही, तरी चोंगे व्हायचेच. सवारीला खांदा देणारे बहुतेक सुन्नी, नवस बोलणाऱ्यांत कितीतरी हिंदू, आणि ज्यांच्या नावाची सवारी ते बारा इमाम, म्हणजे प्रेषितांचे जावई अली आणि त्यांच्या वंशातले धर्मनेते, शियांचे. त्या वर्षी दुसऱ्याच दिवशी, ६ जुलैला, आषाढी एकादशी होती.

इराण आणि इस्रायलचं युद्ध थांबून तेव्हा अकरा दिवस झाले होते. गर्दीतून वाट काढताना पुतण्यानं विचारलं, “काका, इराण शिया आणि सौदी सुन्नी, म्हणून त्यांचं पटत नाही. एवढंच ना?”

‘हो’ म्हणून विषय संपवता आला असता. टीव्हीवरही तेच सांगतात, की चौदाशे वर्षांचं वैर आहे. पण हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या उत्तरानं पश्चिम आशियातलं काहीच नीट समजत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: इराणला वर्चस्व हवं आहे ते एक देश म्हणून, आपल्या सुरक्षेसाठी आणि मानासाठी. त्यासाठी त्यानं शिया पंथाचा रस्ता वापरला. हा रस्ता त्याला बगदाद, दमास्कस, बैरुतपर्यंत घेऊन गेला, पण जिथे शिया वस्ती संपते किंवा जिथल्या शियांना आपला देश जास्त जवळचा वाटतो, तिथे तो अडला.

हे कसं घडतं, त्याचा एक छोटा नमुना आमच्या नगरातच घडून गेला आहे. तिथूनच सुरुवात करतो.

नगरचा सुलतान आणि इराणचा शाह

निजामशाहीचा दुसरा सुलतान बुऱ्हाण निजामशाह यानं १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. दरबारी इतिहासात त्याची गोष्ट येते ती अशी: सुलतानाचा लाडका मुलगा अब्दुल कादिर आजारी पडला, वैद्य-हकिमांनी हात टेकले. दरबारात शाह ताहिर नावाचा इराणी विद्वान होता. त्यानं बारा इमामांच्या नावानं नवस बोलायला सांगितलं. मुलगा बरा झाला आणि सुलतानानं पंथ बदलला. नगरात गोंधळ उडाला, चिडलेला जमाव किल्ल्यापर्यंत आला. शेजारच्या सुन्नी सुलतानांचा रोष ओढवला. उलट इराणच्या सफवी शाहकडून दूत आले. दख्खनमध्ये इराणी शिपाई, कारागीर, कवी, मुत्सद्दी येतच होते, त्यांचा ओघ आणखी वाढला.

नवसाची गोष्ट खरी असेलही. बापाचं काळीज आहे. पण निर्णयाचे परिणाम पाहा. उत्तरेच्या सुन्नी सत्तांपुढे दबायचं नसेल तर दूरचा एक बलाढ्य मित्र हवा, आणि तो मित्र शिया होता. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या सुलतानांनीही हाच विचार केला होता. पुढे १६३६ साली शाहजहाननं गोवळकोंड्याच्या कुतुबशाहाला वाकवलं तेव्हा तहात एक अट खास घातली: शुक्रवारच्या खुतब्यातून, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनातून, बारा इमामांची आणि इराणच्या शाहची नावं काढायची, मुघल बादशहाचं नाव घ्यायचं. मशिदीत नाव कुणाचं घेतलं जातं यावरून राज्य कुणाच्या बाजूचं ते ठरत असे. इमामांची नावं आणि शाहचं नाव एकाच कलमात आली, यातच सगळं आलं. श्रद्धा आणि राजकारण तिथे इतकं एकमेकांत विणलं गेलं होतं की एक धागा ओढला की दुसरा आपोआप यायचा.

भांडणाचं मूळ, आणि ते इराणमध्ये कसं आलं

मूळ वाद सर्वांना थोडाफार माहीत असतो, म्हणून भराभर सांगतो. इ.स. ६३२ मध्ये प्रेषित मुहम्मदांचं निधन झालं. त्यांच्यानंतर नेतृत्व कुणाचं? बहुसंख्यांनी अबू बकर यांना खलिफा मानलं. काहींचं म्हणणं होतं की तो मान प्रेषितांचे चुलतभाऊ आणि जावई अली यांचा. अली चौथे खलिफा झाले, ६६१ मध्ये इराकमधल्या कुफ्यात त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. ६८० मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव हुसेन आपल्या मूठभर साथीदारांसह करबलाच्या मैदानात, पाण्यावाचून तडफडत, उमय्या घराण्याच्या खलिफाच्या फौजेकडून मारले गेले. तो मोहरमचा दहावा दिवस. शियांच्या मनात ही जखम कायम ओली राहिली, आणि ‘अन्यायी सत्तेपुढे मान न झुकवणारा हुसेन’ हे त्यांच्या श्रद्धेचं केंद्र झालं.

पुढची गोष्ट मात्र फार कमी जणांना माहीत असते. १५०० साली इराण बहुतांशी सुन्नी होता. १५०१ मध्ये शाह इस्माईल नावाच्या कोवळ्या पोरानं तबरीझ जिंकलं आणि बारा इमामी शिया पंथ हा राज्याचा धर्म म्हणून जाहीर केला. लोकांवर तो सक्तीनं लादला गेला. नंतर लेबनॉनच्या डोंगरांतून आणि इतर अरब मुलखातून शिया विद्वान आणून मदरसे उभे केले. पश्चिमेला ऑटोमन तुर्क सुन्नी, ईशान्येला उझबेक सुन्नी. मधल्या मुलखाला वेगळी ओळख हवी होती आणि ती पंथातून घडवली गेली. १५१४ मध्ये चालदिरानला ऑटोमन तोफांपुढे इस्माईल हरला. १६३९ मध्ये दोघांनी सीमा आखली. आजच्या इराण-इराक सीमेचा बराचसा भाग त्याच रेषेवरून जातो.

आज इराणमध्ये दहापैकी नऊ जण शिया आहेत. जगातल्या मुसलमानांत मात्र शिया १० ते १५ टक्केच. त्यात इराणी लोक अरबही नाहीत. भाषा फारसी, संस्कृती इस्लामपेक्षा जुनी, नवरोज साजरा करणारी. म्हणजे या देशाला प्रदेशाचं पुढारपण हवं असेल तर तो दोन बाबतींत अल्पसंख्य ठरतो: अरबांमध्ये फारसी आणि सुन्नींमध्ये शिया. हा पेच लक्षात ठेवला की पुढचं बरंच काही उलगडतं.

१९७९

‘चौदाशे वर्षांचं वैर’ म्हणणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारतो. १९७५ साली इराण शिया होता, सौदी अरेबिया सुन्नी होता. मग तेव्हा का नव्हते ते एकमेकांच्या जिवावर उठले? कारण दोन्हीकडे राजे होते, दोघेही अमेरिकेचे मित्र होते आणि आखात सांभाळायची जबाबदारी अमेरिकेनं दोघांवर मिळून टाकली होती. कुरबुरी होत्या, तेलाच्या भावावरून रुसवेफुगवे होते, पण पंथ मध्ये येत नव्हता.

१ फेब्रुवारी १९७९ ला आयातुल्ला खोमेनी पॅरिसहून विमानानं तेहरानला उतरले आणि चित्र पालटलं. इराणच्या राजाविरुद्धचा, म्हणजे शाहविरुद्धचा, राग जुना होता. १९५१ मध्ये पंतप्रधान मोसाद्देक यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, १९५३ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश गुप्तहेरांनी त्यांचं सरकार पाडायला हातभार लावला, ही गोष्ट इराणी माणूस विसरलेला नव्हता. खोमेनींनी इराकमधल्या नजफमध्ये निर्वासित असताना ‘विलायत-ए-फकीह’ची मांडणी केली होती: बारावे इमाम दृष्टीआड आहेत, ते परत येईपर्यंत धर्मशास्त्राच्या जाणकारानं राज्य चालवावं. शिया परंपरेतही ही मांडणी नवी होती. अनेक मोठ्या आयातुल्लांना ती तेव्हाही मान्य नव्हती आणि पुढेही झाली नाही.

खोमेनी स्वतःला शियांचा पुढारी म्हणवत नव्हते, हेही समजून घ्यायला हवं. ते म्हणत होते, ही सगळ्या मुसलमानांची, सगळ्या दडपलेल्यांची क्रांती आहे. आणि राजेशाही इस्लामला मंजूर नाही. सौदी राजघराण्याचं सिंहासन हललं ते या वाक्यानं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मक्केच्या मुख्य मशिदीवर जुहैमान अल-ओतैबीच्या सशस्त्र टोळीनं ताबा मिळवला. हे कट्टर सुन्नी होते, इराणशी त्यांचा संबंध नव्हता. त्याच सुमारास पूर्वेकडच्या कतीफमध्ये सौदी शिया रस्त्यावर उतरले, आणि तेल नेमकं त्याच पूर्व भागात आहे. राजघराणं दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडलं. त्यांनी आपल्या कट्टर धर्मगुरूंना आणखी मोकळं रान दिलं आणि तेलाचा पैसा जगभरच्या मदरशांकडे वळला. शिया हे भरकटलेले, पाखंडी, असा प्रचार त्यातून दूरदूरच्या गावांपर्यंत गेला. १९८६ मध्ये राजे फहद यांनी ‘महाराज’ ऐवजी ‘दोन पवित्र मशिदींचे सेवक’ ही पदवी घेतली. इस्लामचा खरा रखवालदार कोण, याचं उत्तर तेहरानला दिलेलं होतं ते.

खोमेनींची हाक सुन्नी जगात फारशी पोचली नाही. जिथे पोचली तिथे शियाच होते. क्रांती सगळ्या मुसलमानांसाठी म्हणून निघाली आणि शियांच्या मोहल्ल्यात येऊन थांबली. माझ्या मते इराणच्या पुढच्या चाळीस वर्षांची दिशा तिथेच ठरली.

आठ वर्षांचं युद्ध

२२ सप्टेंबर १९८० ला सद्दाम हुसेननं इराणवर फौज घातली. क्रांतीनंतर इराणी लष्कर खिळखिळं झालेलं, लचका तोडायला हीच वेळ असा त्याचा हिशेब. सौदी आणि कुवेतनं त्याला अब्जावधी डॉलर दिले, पाश्चात्त्य देशांनी आणि सोव्हिएत संघानं शस्त्रं. इराकनं विषारी वायू वापरले. १९८७ मध्ये सरदश्त या इराणी गावावर वायूचे बॉम्ब पडले आणि जग जवळपास गप्प राहिलं. मिसरूड न फुटलेली पोरं बसीज या स्वयंसेवक दलाच्या तुकड्यांत भरती होऊन सुरुंग पेरलेल्या मैदानांवर चालून गेली. दोन्ही बाजूंची लाखो माणसं गेली. ऑगस्ट १९८८ मध्ये युद्ध थांबलं तेव्हा सीमा होती तिथेच होती. युद्धबंदी मान्य करणं म्हणजे विषाचा पेला पिणं आहे, असं खोमेनी म्हणाले.

पंथाचा सिद्धांत इथे तपासून पाहू. सद्दामच्या फौजेतले बहुसंख्य साधे शिपाई शिया होते. ते इराणच्या बाजूला गेले नाहीत, आठ वर्षं इराणशी लढले. आणि इराणच्या खुझेस्तान प्रांतातल्या अरबांनी आपल्याला मिठी मारावी अशी सद्दामची अपेक्षा होती, तीही फोल ठरली. दोन्हीकडच्या माणसांनी देश निवडला.

या युद्धातून इराणच्या राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला तो समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आपण एकटे आहोत, कुणी मदतीला येणार नाही. विमानं विकत मिळणार नाहीत, म्हणून क्षेपणास्त्रं स्वतः बनवायची. आणि पुढची लढाई आपल्या जमिनीवर होऊ द्यायची नाही. शत्रूला त्याच्याच दारात गुंतवून ठेवायचं. इराणचे अधिकारी याला ‘पुढे जाऊन संरक्षण’ म्हणतात. शेजाऱ्यांच्या दृष्टीनं ती सरळसरळ घुसखोरी आहे. सरदश्त आठवलं की पहिलं म्हणणं कळतं, आणि सीरियाच्या शहरांचे ढिगारे पाहिले की दुसरं.

लेबनॉनचा साचा

१९८२ मध्ये इस्रायलनं लेबनॉनमध्ये फौजा घातल्या. दक्षिण लेबनॉनमधले शिया हे त्या देशातले सगळ्यात गरीब, सगळ्यात दुर्लक्षित लोक. इराणनं क्रांतीच्या रक्षणासाठी उभारलेल्या क्रांतिरक्षक दलाची माणसं बेका खोऱ्यातल्या बालबेकला पाठवली आणि तिथे हिजबुल्ला उभी राहिली. शस्त्रं, पगार, प्रशिक्षण इराणचं. पण राग स्थानिक होता आणि माणसंही. बंदुकीबरोबर दवाखाने, शाळा, घरबांधणी, हुतात्म्यांच्या कुटुंबांना पेन्शन, असं सगळं आलं. सरकारनं जे कधी दिलं नाही ते संघटनेनं दिलं. मे २००० मध्ये इस्रायलनं दक्षिण लेबनॉन सोडला तेव्हा अरब जगात हिजबुल्लाची मान उंचावली. २००६ च्या ३४ दिवसांच्या युद्धानंतर तर कैरोच्या सुन्नी वस्त्यांतही तिचा पुढारी हसन नसरल्ला याचे फोटो लागले.

हाच साचा पुढे वापरला गेला. राज्य कोसळलेलं किंवा पोकळ झालेलं हवं, तिथे दबलेला शिया समाज हवा, आणि बाहेरचा एक शत्रू हवा. तिन्ही गोष्टी जुळल्या की क्रांतिरक्षक दलाची परदेशात काम करणारी शाखा, कुद्स फोर्स, तिथे पोचायची. तिचा प्रमुख कासिम सुलेमानी हा केरमानकडच्या डोंगराळ भागातला, गरीब शेतकऱ्याच्या घरातला, आठ वर्षांच्या युद्धात घडलेला माणूस. ३ जानेवारी २०२० ला बगदाद विमानतळाबाहेर अमेरिकी ड्रोननं त्याला मारलं.

इराक: न मागता मिळालेलं

इराणला सगळ्यात मोठी भेट दिली ती अमेरिकेनं. २००३ मध्ये सद्दामची राजवट पाडली, आणि जिथे साधारण ६० टक्के लोक शिया आहेत त्या इराकमध्ये निवडणुका झाल्या. सद्दामच्या काळात इराणमध्ये आसरा घेतलेले शिया पुढारी परत येऊन मंत्री झाले. डिसेंबर २००४ मध्ये जॉर्डनचे राजे अब्दुल्ला यांनी ‘शिया चंद्रकोरी’ची भीती बोलून दाखवली: इराणपासून लेबनॉनपर्यंत पसरलेला पट्टा.

फेब्रुवारी २००६ मध्ये समारातल्या अल-अस्करी या शिया दर्ग्याचा सोनेरी घुमट सुन्नी दहशतवाद्यांनी उडवला आणि बगदाद पेटलं. नावावरून माणसं मारली गेली. शियांचं अली किंवा सुन्नींचं उमर हे नाव ओळखपत्रावर असणं जिवावर बेतू लागलं. मिश्र मोहल्ले रिकामे झाले. शेकडो वर्षं एकमेकांच्या घरात सोयरीक करणारे लोक होते हे. हे लिहिताना मला नगरची सवारी आठवते, आणि आत कुठेतरी हलतं.

२०१४ मध्ये आयसिस या कट्टर सुन्नी संघटनेनं मोसूल घेतलं, तिक्रितजवळ हजाराहून अधिक निःशस्त्र शिया जवान वेचून ठार केले. नजफचे आयातुल्ला सिस्तानी यांनी लोकांना शस्त्र उचलायला सांगितलं. त्यातून उभ्या राहिलेल्या कित्येक तुकड्या पुढे इराणच्या इशाऱ्यावर चालू लागल्या. पण सिस्तानी स्वतः? जन्म इराणच्या मशहदचा, तरी खोमेनींच्या विलायत-ए-फकीहच्या वाटेनं ते कधी गेले नाहीत. धर्मगुरूनं मार्ग दाखवावा, राज्य करू नये, ही नजफची जुनी रीत. शियांमधलं सगळ्यात वजनदार पीठ तेहरानच्या हाती आलंच नाही.

करबलाच्या वाटेवर हे डोळ्यांना दिसतं. हुसेनच्या हौतात्म्यानंतर चाळीसाव्या दिवशी, अरबईनला, नजफपासून करबलापर्यंत सुमारे ८० किलोमीटर लोक पायी जातात. सद्दामनं ही वारी दडपली होती. २००३ नंतर ती लाखोंच्या लाखोंनी फुलली. वारीच म्हणतो मी तिला. रस्त्याकडेच्या खांबांना नंबर आहेत, चौदाशेहून जास्त, आणि ‘अमुक खांबापाशी भेटू’ असं लोक एकमेकांना सांगतात. दुतर्फा मौकिब म्हणजे अन्नदानाचे मांडव. इराकी शेतकरी वर्षभराची पुंजी मोडून अनोळखी इराणी यात्रेकरूंना जेवू घालतात, काळा चहा पाजतात, पाय चेपून देतात. आपल्या आळंदी-पंढरपूर रस्त्यावरच्या गावांसारखंच सगळं.

आणि याच इराकी शियांच्या पोरांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये भ्रष्टाचार, बेकारी आणि परकी हस्तक्षेपाविरुद्ध रस्ते भरून टाकले. घोषणा होती, ‘ईरान बर्रा, बर्रा’. इराण, बाहेर हो. नोव्हेंबरात त्यांनी नजफमधला इराणी वाणिज्य दूतावास जाळला. नजफमध्ये, अलींच्या दर्ग्याच्या गावात! यात्रेकरूचे पाय चेपणारे हात आणि दूतावास जाळणारे हात एकाच समाजाचे होते. हुसेन त्यांचा होता, तेहरानचं सरकार त्यांचं नव्हतं.

सीरिया आणि येमेन

इराणच्या प्रतिष्ठेला खरी उतरती कळा लागली ती सीरियात. २०११ मध्ये लोक बशर अल-असदच्या जुलमाविरुद्ध उठले. असद घराणं अलवी पंथाचं, शियांची दूरची शाखा; लोकसंख्येत बहुमत सुन्नींचं. इराणला काळजी लेबनॉनकडे जाणाऱ्या रस्त्याची होती. शस्त्रं हिजबुल्लापर्यंत जायची ती सीरियातून. पण परदेशातल्या पोरांना मरायला पाठवायचं तर रस्त्याचा नकाशा दाखवून चालत नाही. दमास्कसजवळ हुसेनच्या बहिणीचा, सय्यदा जैनबचा दर्गा आहे; तो वाचवायचा अशी हाक दिली गेली. इराणमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या अफगाण हजारा जमातीच्या शिया तरुणांना पगार आणि राहण्याच्या परवान्याचं आश्वासन देऊन फातेमियून ब्रिगेडमध्ये भरती केलं. कागदपत्रांवाचून बांधकामावर राबणारी ती पोरं अलेप्पोच्या गल्ल्यांत मेली. या साऱ्या प्रकरणातला मला सगळ्यात बोचणारा भाग हाच.

दुसऱ्या बाजूला सौदी, कतार, तुर्की यांनी बंडखोरांना पैसा आणि शस्त्रं पुरवली, आणि उपग्रह वाहिन्यांवरून धर्मोपदेशक शियांविरुद्ध विष ओकू लागले. बहारीनमध्ये राजघराणं सुन्नी आणि बहुसंख्य प्रजा शिया. तिथल्या आंदोलनावर मार्च २०११ मध्ये सौदी फौजेच्या पाठबळानं वरवंटा फिरवला गेला. लोक हक्क मागत होते, त्यांना इराणचे हस्तक ठरवणं सोयीचं होतं.

सीरियात पाच लाखांहून अधिक माणसं मेली, निम्मा देश बेघर झाला. असद तेव्हा तगला, पण नसरल्लाचे फोटो सुन्नी घरांतून उतरले. ‘सगळ्या मुसलमानांची क्रांती’ हे शब्द उच्चारायची सोय राहिली नाही.

येमेनचं थोडक्यात सांगतो. हुथी हे झैदी शिया, इराणच्या बारा इमामी परंपरेहून वेगळे. शियांच्या शाखा बऱ्याच आहेत. मुंबईतले दाऊदी बोहरा इस्माईली शाखेचे, त्यांची धर्मगादी सोळाव्या शतकात येमेनमधूनच गुजरातेत आली. हुथींनी सप्टेंबर २०१४ मध्ये राजधानी सना घेतली, मार्च २०१५ पासून सौदीनं बॉम्बफेक सुरू केली, आणि उपासमारीनं पोरं मेली. इराणला मात्र थोड्या खर्चात सौदीच्या पाठीशी काटा रुतवता आला. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदीच्या अबकैक इथल्या तेलप्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आदळली. जबाबदारी हुथींनी घेतली, सौदी आणि अमेरिकेनं बोट इराणकडे दाखवलं. दिवसाला ५७ लाख पिंपांचं, म्हणजे सौदीचं निम्मं उत्पादन एका फटक्यात थांबलं.

जिथे पंथाचा हिशेब जुळत नाही

पुतण्याला मी सांगितलं की आता उलटी उदाहरणं मोज. हमास सुन्नी, तरी इराण तिला पैसा आणि शस्त्रं देत आला. अझरबैजानमध्ये शियांचं बहुमत, तरी इराणचं सूत ख्रिस्ती आर्मेनियाशी जास्त जुळतं, कारण इराणच्या वायव्येला लाखो अझेरी राहतात आणि त्यांच्या राष्ट्रवादाची तेहरानला धास्ती. कतारमध्ये सौदीसारखाच वहाबी, म्हणजे कट्टर सुन्नी, संप्रदाय, पण २०१७ मध्ये सौदीनं कतारची नाकेबंदी केली तेव्हा कतारच्या विमानांना आकाश खुलं करून दिलं ते इराणनं. आखाताखालचं महाकाय वायुक्षेत्र दोघांचं सामाईक आहे.

खुद्द इराणच्या आत काय? निर्बंधांनी रियाल रसातळाला गेलेला, तरुण पदवीधर बेकार, आणि पैसा जात होता बैरुत-दमास्कसला. २००९ पासून तिथल्या मोर्च्यांत एक घोषणा ऐकू येते: ‘ना गझा, ना लेबनान, जानम फदाये ईरान’. गझासाठी नाही, लेबनॉनसाठी नाही, जीव इराणवर ओवाळीन. २०२२ मध्ये हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतर मुलींनी भर रस्त्यात हिजाब जाळले तेव्हा सरकारच्या छातीत जी धडकी भरली, ती कुठल्याही सुन्नी राजानं भरवलेली नव्हती.

मार्च २०२३ मध्ये चीनच्या मध्यस्थीनं सौदी आणि इराणनं बीजिंगमध्ये हात मिळवले. शिया धर्मगुरू निम्र अल-निम्र यांना सौदीनं मृत्युदंड दिल्यावर २०१६ मध्ये तेहरानचा सौदी दूतावास जाळला गेला होता, संबंध तुटले होते. सात वर्षांनी ते जुळले. पंथ तेच, धर्मग्रंथ तेच. बदलली होती ती गरज. सौदीला आपल्या नव्या शहरांवर ड्रोन पडायला नको होते, इराणला एकटेपण नको होतं.

मग ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलवर हल्ला केला, गझा उद्ध्वस्त होऊ लागला, आणि इराणनं चाळीस वर्षं विणलेलं जाळं चौदा महिन्यांत उसवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये आधी हिजबुल्लाच्या माणसांच्या खिशातले पेजर फुटले, मग नसरल्ला मारला गेला. ८ डिसेंबरला असद मॉस्कोला पळाला आणि लेबनॉनचा रस्ता बंद झाला. १३ जून २०२५ ला इस्रायली विमानं थेट इराणवर आली. जी लढाई स्वतःच्या जमिनीवर होऊ नये म्हणून एवढा पसारा मांडला, ती तेहरानच्या इमारतींवर आली. २२ जूनला अमेरिकेनं फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले.

आपल्याकडे त्या दिवसांत सगळे होर्मुझकडे डोळे लावून बसले होते. सर्वात चिंचोळ्या जागी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद अशी ती सामुद्रधुनी. तेव्हा जगातल्या तेलाचा पाचवा हिस्सा तिथून जात होता, आणि आपल्या घरच्या गॅस सिलिंडरचाही मोठा वाटा. कोकणातल्या गावागावांत कुणी ना कुणी आखातात नोकरीला. २३ जूनच्या रात्री इराणनं कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली, आकाश बंद झालं, विमानं अर्ध्या वाटेतून फिरली. माझ्या ओळखीचं एक रत्नागिरीचं कुटुंब त्या रात्री झोपलं नाही. मुलगा दोह्यात होता, फोन लागत नव्हता.

सौदीनं १३ जूनला इस्रायलचा निषेध करताना इराणला ‘बंधुदेश’ म्हटलं होतं. दहा दिवसांनी, कतारवर क्षेपणास्त्रं पडल्यावर, त्याच रियाधनं तितक्याच कडक शब्दांत इराणचा निषेध केला.

२४ जूनला युद्ध थांबलं. तीन दिवसांनी मोहरम लागला. इराणचे तेव्हाचे सर्वोच्च नेते आयातुल्ला खामेनेई युद्ध सुरू झाल्यापासून लोकांसमोर आले नव्हते. ५ जुलैच्या रात्री, इथे कोठल्यावर सवारी उठत होती तेव्हा, ते तेहरानमधल्या हुसेनच्या शोकसभेत आले. काळे कपडे घातलेले लोक उठून उभे राहिले, रडले. शोकगीतं म्हणणाऱ्या गायकाला त्यांनी जवळ बोलावलं आणि एक गाणं म्हणायला सांगितलं. ते गाणं करबलाचं नव्हतं. इराण या मायभूमीचं होतं.